करुणाची भट्टी

मला मोहाचा वास माणसाच्या अंगावरून आधी कळला, झाडावरून नंतर. त्यामुळे चैत्र लागून यवतमाळच्या टेकड्यांकडून ती जड, गोडसर हवा येऊ लागली की लोक जसे हरखतात तशी मी हरखत नाही. दुःखही होत नाही. वास येतो, नाकाला कळतो, मी खिडकी लावून घेते आणि कणीक भिजवायला बसते. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

यंदा होळीच्या सुमारास करुणाचा फोन आला. करुणा माझी एकुलती एक मुलगी. पुण्याच्या पलीकडे, मावळातल्या एका डोंगरावर बिअर बनवण्याचा छोटासा कारखाना आहे, तिथे ती नोकरीला आहे. हिशेब लिहायला किंवा बाटल्या मोजायला नाही, बिअर बनवायलाच. फोनवर म्हणाली, "आई, यंदा तू येऊनच जाय इथं. अन् येताना मोहफुलं घेऊन ये. आपल्या इकडची, फुलसावंगीच्या बजारातली."

"किती आणू?" मी विचारलं.

ती म्हणाली, "दोन-तीन किलो. चांगली वाळलेली पाहजो."

फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं. फुलसावंगीत आणि महागावात मला आजही 'दारूबंदीवाल्या बाई' म्हणतात. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, पण ओळख राहिली ती मोर्च्यांची. तहसील कचेरीसमोर बायका जमल्या की पुढे मी असायची. माझा आवाज कधी कापला नाही, डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. बायका म्हणायच्या, बाईचं काळीज वाघिणीचं हाय. तसं काही नव्हतं. आवाज कापायला आत काहीतरी हलावं लागतं.

करुणाचं काम मला तिच्याकडून कळलंच नव्हतं. अमरावतीला शिकली, सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, मग पुण्याला गेली. 'खाण्यापिण्याच्या वस्तूंची कंपनी आहे' एवढंच सांगितलेलं. पुढे माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका बाईंचा मुलगा त्या डोंगरावर फिरायला गेला आणि त्यानं फोटो काढून आणले. बाई मुद्दाम घरी आल्या. कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमची करुणा तं बिअर बनवून राह्यली म्हणते." मी लसूण सोलत होते. 'बरं' म्हटलं आणि उरलेला लसूण सोलला. काही दिवसांनी करुणाचाच फोन आला, रडत. "आई, तू रागाव ना मावर. काई तं म्हण!"

"काय म्हणू? काम हाय, कर."

तिनं फोन ठेवून दिला. तेव्हापासून आमचं बोलणं तब्येत आणि पाऊसपाणी एवढ्यावर आलं होतं.

फुलसावंगीच्या बाजारात तांड्यावरची सुंदरीबाई मोहफुलांचा ढीग घालून बसली होती. माझ्याच वयाची. केस पांढरे झालेत, पण हातात अजून कोपरापर्यंत चुडे. पूर्वी तिच्या घरामागे भट्टी चालायची. आमच्या अगदी पहिल्या मोर्च्यात बायकांनी तिथली मडकी फोडली होती. तिनं मला लांबूनच ओळखलं.

"बाई! तू मोह घेऊन राह्यली?"

आजूबाजूच्या चारचौघी वळून बघायला लागल्या.

"हाव," मी म्हटलं.

"कायले वं? लाडू करतं का?"

"पोरगी बिअर काढते पुण्याकडं. तिले पाह्यजे."

सुंदरीबाई हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला. "माहे मडके फोडले अन् आता सोताच्या घरी भट्टी लावली का बाई!" तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती मजा होती. मग हसू आवरून तिनं ढिगात खोलवर हात घातला आणि खालची स्वच्छ, मनुकांसारखी फुलं ओंजळीनं काढून पिशवीत टाकली. "वरची नको नेऊ. वरची लोकाईले." पिशवी माझ्या हातात देताना म्हणाली, "फिटरसायबाची पोरगी ना ते? त्याले फुलाची मोठी पारख होती."

मी पिशवीचं तोंड आवळून बांधलं. करुणाच्या बाबांना फुलाची पारख होती हे मला माहीत नव्हतं.

करुणाचे बाबा, प्रल्हाद, महागाव रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. सरकी आणि रुई वेगळी करणारी जी यंत्रं असतात, त्यांना आमच्याकडे रेचे म्हणतात. त्या रेच्यांचे चामड्याचे रूळ झिजले की बदलायचे, पट्टे ताणायचे, तेलपाणी करायचं, हे त्यांचं काम. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ते घरी यायचे ते पांढरे होऊन. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानावरचे केस पांढरे. जेवायला बसले की मी समोर बसून त्यांच्या भुवयांतली रुई चिमटीनं काढायची. ते मला गावासारखंच 'बाई' म्हणायचे. "बाई, राहू दे ना. उद्या पुन्हा येतेच ते."

कापसाच्या त्या वाईट वर्षांतल्या एका वर्षी रुई आलीच नाही. भाव पडले होते, मालकानं हात आखडता घेतला, दिवाळी झाली तरी जिनिंगचं फाटक उघडलं नाही. कापूस पिकला होता, तो बैलगाड्या भरून दुसरीकडे चालला होता. आमच्या दारावरून जायचा. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना त्याचे पुंजके अडकून राहायचे. माझा पगार चालू होता, घरात खायला होतं, शेतीच नव्हती म्हणून शेतीचं काही बुडायचं नव्हतं. बाहेरून पाहिलं तर आमच्या घराला काहीच झालेलं नव्हतं. फक्त एक दिवस जेवताना माझ्या लक्षात आलं की त्यांच्या भुवया काळ्या दिसताहेत. ते एकदम तरुण दिसायला लागले होते, आणि मला ते बघवेना.

पौषात त्यांनी प्यायला सुरुवात केली. ओरडणं नाही, मारणं नाही, काही नाही. तांड्यावरून यायचे, ओट्यावर बसायचे, तोंड मिटलेलं. तो वास तेव्हापासूनचा. रविवारी आम्ही तिघं विहारात जायचो. वंदना झाली की सगळे पंचशील म्हणत. चार शीलं ते मोठ्यानं म्हणायचे, पाचव्याला त्यांचा आवाज बंद व्हायचा. पाचवं शील दारूचं. जे पाळता येत नाही ते तोंडानं म्हणायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं असावं. मी शेजारी बसून जास्त मोठ्यानं म्हणायची, म्हणजे त्यांचं चूप राहणं कुणाला ऐकू जाऊ नये.

त्या चैत्रातलं मला एवढंच आठवतं: सकाळची शाळा करून भर उन्हात घरी यायची, तर अंगणात माझी जुनी साडी अंथरलेली आणि तिच्यावर मोहाची फुलं. मी म्हणायची, "साडीचा पार सत्यानाश केला." ते म्हणायचे, "धुऊन देतो बाई." करुणा तेव्हा चौथीत होती. ती कुठे असायची, काय करत असायची, ते आठवायला गेलं तर तिथे काहीच नाही. पाटी पुसल्यासारखं.

पुण्याहून निघालेली एसटी घाटाच्या पायथ्याशी थांबली तेव्हा करुणा स्कूटर घेऊन उभी होती. तिनं मला मिठी मारायच्या आधी पिशवी घेतली, गाठ सोडली आणि तोंड आत घातलं. बराच वेळ तिनं मान वर केली नाही. मग दोन फुलं काढून तळहातावर उलटीपालटी केली. "कोणापासून घेतली?"

"सुंदरीबाईपासून."

"चांगली दिली तिनं," ती म्हणाली.

कारखाना म्हणजे उतारावरची एक लांबट शेड. शेजारी लाकडी बाकं मांडलेलं उपाहारगृह, खाली दरी, दरीत करवंदाच्या जाळ्या. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं हवा खायला येतात, करुणा त्यांना सगळं फिरवून दाखवते आणि मग ते प्यायला बसतात. मी आत पाऊल टाकलं तेव्हा मनाची तयारी केली होती. वास आला की काय करायचं, तोंडावर पदर घ्यायचा का, बाहेर जाऊन बसायचं का. वास आला तो शिजवलेल्या कण्यांचा. मोड आणून वाळवलेले, किंचित भाजलेले जव गरम पाण्यात शिजत होते. आषाढात आजारी माणसाला कण्यांची पेज करतात ना, अगदी तसा. मोठमोठ्या पोलादी टाक्या एका ओळीत उभ्या होत्या. एका टाकीची नळी खाली पाण्याच्या बादलीत सोडलेली, त्यातून बुडबुडे येत होते. "आंबून राह्यलं," करुणा म्हणाली. तिच्या पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला फडकं. मी टाकीला हात लावला. गार होती. मला चीड आली नाही, किळस आली नाही. एखाद्या दवाखान्यात आल्यासारखं वाटलं, जिथे आपलं कुणी भरती नाही.

संध्याकाळच्या पाहुण्यांत पाचसहा जोडपी होती. मी मागच्या बाकावर बसले. करुणानं त्यांना जव दाखवले, कडू चवीसाठी घालतात त्या परदेशी फुलांच्या हिरव्या गोळ्या हुंगायला दिल्या, आणि शेवटी एका बशीत मी आणलेली मोहफुलं फिरवली. यंदा मोहाची बिअर करून बघायची होती. आधी व्यापाऱ्याकडून मागवलेल्या फुलांना धुराचा वास होता, म्हणून आपल्या भागातली मागवली, असं ती सांगत होती. शुद्ध, नीट भाषेत बोलत होती, मी शाळेत बोलायची तशी. चष्मा लावलेल्या एका मुलीनं विचारलं, "तुम्ही या कामात कशा आलात?"

करुणानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या बाबांमुळे," ती म्हणाली. "मी चौथीत होते. त्या वर्षी बाबांचं काम बंद होतं, ते दिवसभर घरी असायचे. उजाडायच्या आत मला उठवायचे. आम्ही टेकडीवर जायचो. मोहाची फुलं पहाटे गळतात, टपटप आवाज येतो. बाबांनी झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असायची, त्या काळ्या जमिनीवर फुलं पडलेली दिसायची, पांढरी, मोत्यांसारखी. आम्ही वेचायचो. मग बाबा मला डोळे मिटायला सांगायचे आणि नाकाजवळ फूल धरायचे. आजचं की कालचं? सावलीत वाळलेलं की उन्हात? मी चुकले तर चुकलीस असं कधी म्हणाले नाहीत. 'अजून एकदा घे,' म्हणायचे. महिन्याभरात मी चुकेनाशी झाले. एकदा त्यांनी सात फुलं धरली आणि मी सगळी बरोबर सांगितली. तर त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि टेकडी उतरून घरापर्यंत तसेच पळत आले. मी दहा वर्षांची, चांगली जड होते."

लोक हसले.

"फुलं आम्ही आईच्या साडीवर वाळवायचो. आई रागवायची." सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मीही हसले. हसायची जागा होती.

एका माणसानं विचारलं, "वडील स्वतः घ्यायचे का?"

"घ्यायचे," करुणा म्हणाली. "माझ्यासमोर नाही. पण घ्यायचे. त्याच उन्हाळ्यात ते गेले."

तो माणूस ओशाळला. त्याची बायको त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागली. करुणा शांतपणे म्हणाली, "वास ओळखायचं काम मला येतं. ते त्यांनी शिकवलं. दुसरं काही मला इतकं चांगलं येत नाही, म्हणून हे करते." आणि बशी उचलून ती आत गेली.

मी बाकावर बसून होते. त्याच अंगणात मी होते. त्याच घरात, त्याच साडीजवळ. खांद्यावर पोर घेऊन पळत येणारा माणूस माझ्या दारातून आत शिरला असणार, आणि मी भाकरी थापत असेन, किंवा शाळेत असेन, किंवा नुसतीच तोंड फिरवून बसलेली असेन. माझ्यापाशी त्या दिवसांतली एक मळलेली साडी आहे आणि हिच्यापाशी अख्खा माणूस आहे. हे समजलं तेव्हा छातीत कळ यायला हवी होती. आली नाही. दात काढताना इंजेक्शन दिलेलं असतं, हिरडीवर काहीतरी दाबलं जातंय एवढं कळतं, तसं कळलं.

ते गेले तो दिवस साधा होता. वैशाख लागायचा होता. मी घरी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. जिनिंगच्या मालकानं रेचे भंगारात काढले होते. ते ट्रकवर चढवणार होते म्हणून करुणाचे बाबा बघायला गेले. परत येताना तांड्यावर थांबले असावेत. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली सापडले, बसलेले. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. गाव म्हणालं, दारू. दोन्ही खरं असेल. मी रडले नाही. माणसं आली, गेली, सगळं रीतसर झालं, आणि घर रिकामं झालं तेव्हा मी उरलेले पेपर तपासायला घेतले. मुलांचा निकाल लागायचा होता.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून गाड्या यायच्या. कॅमेरे घेतलेली माणसं शाळेत येऊन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांचे पत्ते विचारायची. एक तरुण मुलगी माझ्या घरीही आली होती. तिनं विचारलं, शेती किती होती? मी म्हटलं, शेती नाही, ते जिनिंगमध्ये फिटर होते, ऊन लागलं. तिनं पेन बंद केलं. पाणी प्यायली, काळजी घ्या म्हणाली आणि गेली. तिचं काही चुकलं नाही. तिला जे घर हवं होतं ते आमचं नव्हतं. पुढे बायका मोर्च्याला बोलवायला आल्या तेव्हा मी गेले, कारण नाही म्हणायलाही काही लागतं, ते माझ्याजवळ नव्हतं.

पाहुणे पांगल्यावर कारखान्याचा मालक आमच्याजवळ येऊन बसला. पन्नाशीचा भला माणूस. आधी कुठल्यातरी संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, ते सोडून हे सुरू केलेलं. मला काकू म्हणत होता. मी जेवले का, खोलीत उकडत तर नाही ना, सगळी चौकशी त्यानं केली. मग म्हणाला, "काकू, करुणा आज जे बोलली ना, माझ्या अंगावर काटा आला. लोकांना असलं खरं काहीतरी हवं असतं. मोहाच्या बिअरवर आपण ही गोष्टच लिहू. यवतमाळच्या शेतकऱ्याची लेक, आणि तिनं बापाच्या आठवणीत बनवलेली बिअर. तुमची हरकत नसेल तरच हं."

करुणा खाली बघत होती. तिनं मला आधी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिलाही ते नवीन होतं की काय, तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

माझ्या तोंडात 'हरकत नाही' तयार होतं. इतक्या वर्षांत मी कशालाच हरकत घेतलेली नाही, ते आपोआप येतं. पण आलं भलतंच.

"ते शेतकरी नव्हते," मी म्हटलं.

"अं?"

"फिटर होते. जिनिंगमध्ये. रेचे दुरुस्त करायचे."

"हो, हो," मालक समजुतीनं म्हणाला. "पण काकू, फिटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. यवतमाळ म्हटलं की शेतकरी येतो. थोडंसंच..."

"त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी लागला. मोठा नव्हता, पण घट्ट होता. "रुई बसायची. मी काढायची. शेतकऱ्याच्या भुवयांत रुई नसते. ते फिटर होते, चांगले फिटर होते. तुम्हाला फिटर लिहायचं नसेल तर काहीच लिहू नका."

मालकानं चष्मा काढून पुसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला लाज वाटली आणि ती त्यानं लपवली नाही. "सॉरी काकू," म्हणाला.

करुणानं मान वर केली. "सर, बाटलीवर नुसतं 'मोह' लिहू. गोष्ट नको. गोष्ट हवी असेल तर ही बिअर मी करणार नाही."

"बरं. नुसतं मोह," तो म्हणाला, आणि उठून आत निघून गेला.

आम्ही दोघी पायरीवर बसलो. दरीतून वारा येत होता. शेडमध्ये कुणीतरी पाण्याचा पाइप लावून फरशी धूत होतं. एक गवळी जवाचा गरम चोथा पोत्यांत भरून टेम्पोवर चढवत होता, म्हशींसाठी.

"तुले राग आला ना?" करुणानं विचारलं.

"नाही."

"मंग वाईट वाटलं?"

"करुणा, मले काहीच वाटत नाही." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाजवळ म्हटलं. "तुले वाटते मी तुह्यावर रागावली, म्हणून बोलत नाही. तसं नाही. राग येतच नाही. रडू येत नाही. ते गेले तेव्हापासून असंच हाय."

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"कसं माहीत?"

"तू पेपर तपासून राह्यली होती. मी दारात उभी होती. तू लाल पेनानं बरोबरच्या खुणा करत होती, एकेक. मले वाटलं आईले बोलावं. मंग वाटलं, नको, आई काहीतरी धरून बसली हाय, सोडलं तं पडन."

मी तिच्याकडे पाहिलं. मी तिला त्या दारात कधी पाहिलं नव्हतं.

"विहारात गेली तं मीबी पाचवं शील म्हणत नाही," ती म्हणाली. "बाबासारखी. कामासाठी चव घ्या लागते ना. खोटं काहून म्हणू?"

"त्यांचं तुले माहीत होतं?"

"आई, मी तुमच्या दोघाईच्या मधात बसत होती."

तिनं मला बिअर देऊ केली नाही आणि मी मागितली नाही. रात्री तिच्या खोलीत आम्ही पिठलं-भात खाल्ला. ती लगेच झोपली, बूट घालून उभं राहणाऱ्या माणसाची थकलेली झोप.

दुसऱ्या दिवशी ती मला घाटाच्या पायथ्याशी सोडायला आली. थांब्यावर चहाची टपरी होती. एसटीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो, आणि मला विचारावंसं वाटलं. काय विचारावं हे आधी ठरवलेलं नव्हतं.

"तू त्याईच्या संगं जिनिंगमंदी गेलती का कधी?"

"कधी? अवं, रोज!" ती म्हणाली. "तुही शाळा सकाळची, माही दुपारची होती ना. टेकडीवरून आलो का ते मले सायकलवर बसवून नेत. मालकानं फाटकाची किल्ली त्याईच्यापाशी ठेवली होती. बंद पडलेले रेचे, तरी रोज तेल देत. मी तेलाची बुधली धरत होती. सरकीच्या टाक्यात मांजर व्याली होती, पिल्लं होती. बाबा म्हणत, हळू बोल, लेकरं झोपले."

"मांजर?"

"हाव. पांढरी. का रुईनं पांढरी झाली होती, काय माहीत." ती हसली. "एक दिवस मी म्हटलं, हे चालते कसं ते दाखवा. लाईट तं कापलेली होती. मंग आम्ही रस्त्यावर गेलो, बाभळीले अडकलेला कापूस ओरबाडून आणला, मूठभर. बाबानं मोठ्या रेच्याचा पट्टा हातानं ओढाले घेतला. घामाघूम झाले. मले म्हणे, टाक आता."

एसटी आली. वाहकानं दार उघडून पुणे, पुणे म्हणून हाक दिली. करुणा उठली, माझी पिशवी उचलली. "आई, गाडी आली."

"जाऊ दे तिले," मी म्हटलं. "दुसरी येईन."

वाहकानं आमच्याकडे पाहिलं, घंटी मारली. गाडी वळणाआड गेली. रस्त्यावरची धूळ बसली. मला रडू आलं नव्हतं, आताही येत नव्हतं. मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि बाकाखाली सरकवली. टपरीवाल्याला अजून दोन चहा सांगितले. करुणा उभीच होती, माझ्याकडे बघत.

"बस ना," मी म्हटलं. "त्याईनं पट्टा ओढला. तू कापूस टाकला. मंग?"